तक्रार ‘चालवण्यास पात्र नाही’ म्हणून फेटाळली. मुख्याध्यापकपद डावललं त्याचं आता काय करायचं?

गोदाकाठची बाई

नमस्कार. मी गोदावरीकाठच्या एका तालुक्याच्या गावी खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवते. १९९७ पासून याच शाळेत आहे. बी.एस्सी., बी.एड. होऊनच लागले, नेमणूक पूर्णवेळ, मान्यता पहिल्यापासून. मे २०२३ अखेर आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. सेवाज्येष्ठता यादीत त्यांच्या खालचं नाव माझं. माझ्या खालचे सर २००१ ला लागले, शिक्षण माझ्याएवढंच. जूनमध्ये शाळा उघडली तर खुर्चीत ते सर. ‘तात्पुरता पदभार आहे, पुढचं पुढं बघू’ असं मला सांगितलं.

मी संस्थेच्या अध्यक्षांना भेटले. ते म्हणाले, ‘बाई, वर्गात तुमचा हात कुणी धरणार नाही. पण मुख्याध्यापक म्हणजे जिल्ह्याला पळणं आलं, संध्याकाळच्या बैठका आल्या, गावातल्या पुढाऱ्यांशी बोलणं आलं. बाईमाणसाला ते झेपायचं नाही.’ हे बोलताना दोन शिक्षक तिथं बसलेले होते. आज त्यांच्यापैकी एकही तोंड उघडायला तयार नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांनाही त्याच संस्थेत दिवस काढायचेत.

त्या वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडा त्या सरांनी फडकवला. मी शिक्षकांच्या ओळीत उभी होते. कार्यक्रम झाल्यावर आठवीच्या दोन पोरी विचारायल्या, ‘बाई, तुम्ही सरांपेक्षा जुन्या ना?’ काय सांगायचं लेकरांना?

दिवाळीच्या सुट्ट्यांच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्ये, कार्यालयातल्या लिपिकाकडून कळलं की संस्थेनं ठराव घेऊन त्यांना कायम मुख्याध्यापक केलंय आणि मान्यतेचा प्रस्तावही गेलाय. ठरावात असं लिहिलंय म्हणे की ‘ज्येष्ठ शिक्षिकेने तोंडी नकार दिला’. मी कधीच, कुणासमोरही नकार दिलेला नाही.

मी शिक्षणाधिकारी कार्यालयात जूनमध्येच अर्ज दिला होता, ऑक्टोबरात पुन्हा दिला. तिथून सुनावणीचं पत्र आलं, मग ती सुनावणी पुढं ढकलली. डिसेंबरात एका वकिलांच्या सल्ल्यानं औद्योगिक न्यायालयात पक्षपात केल्याची तक्रार दाखल केली. वकील म्हणाले होते की नव्वद दिवसांची मुदत असते, आपण मुदतीत आहोत. तारखांवर तारखा झाल्या. गेल्या महिन्यात निकाल आला: शिक्षक हा कामगार नाही, म्हणून तक्रार चालवण्यास पात्र नाही, फेटाळण्यात येते.

ज्येष्ठता यादी कुणी उघडून पाहिली नाही. ‘तोंडी नकार’ खरा की खोटा, एका शब्दानं विचारलं नाही. आणि गावात काय झालं? ‘बाई केस हरल्या.’ बाजारात भाजी घेताना लोक मला समजावायलेत की आता सोडून द्या, कोर्टानंच सांगितलं ना. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, ‘कोर्टानं तुमचं म्हणणं खोटं ठरवलं.’ मला त्यानंच झोप लागत नाही. माझं म्हणणं खोटं ठरलंय का? की कुणी ऐकलंच नाही? आता दुसरीकडं जाता येतं का, की दार बंद झालं? घरचे म्हणायलेत, सोयाबीनचे पैसे वकिलात घालायचे तरी किती. कायद्यातलं कळणारं कुणी असेल तर नीट सांगा.

बार्शीनाका

ताई, वाईट वाटलं वाचून. थेट हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका टाका. हायकोर्टाच्या नोटिशीशिवाय हे संस्थाचालक सरळ होत नाहीत. आमच्या भावकीत एकाचं तसंच झालं होतं, महिन्यात मान्यता आली.

निवृत्त अधीक्षक

बाई, मी वकील नाही. जिल्हा न्यायालयात कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. फाइली हाताखालून गेल्या तेवढ्यावरून सांगतो, पुढं वकिलाकडून तपासून घ्या.

आधी तुमचा झोप उडवणारा प्रश्न. तुमचं म्हणणं खोटं ठरलेलं नाही. ‘चालवण्यास पात्र नाही’ याचा अर्थ त्या न्यायालयाला हा वाद ऐकायचा अधिकारच नव्हता. ज्याला ऐकायचा अधिकार नाही त्यानं खरं-खोटं ठरवलं असं होतच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११ आहे, एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा उकरता येत नाही असं सांगणारं. पण त्याला दोन अटी आहेत: ठरवणारं न्यायालय सक्षम पाहिजे, आणि तो मुद्दा ऐकून शेवटपर्यंत ठरवलेला पाहिजे. तुमच्यात दोन्ही नाहीत. त्या स्टाफरूममधल्या सरांना हे सांगा. मी चेष्टेनं म्हणत नाही, खरंच सांगा. गावात एकदा ‘हरली’ झालं की साक्षीला येणारेही मागं सरतात, म्हणून ते लगेच खोडायला पाहिजे.

तक्रार का फेटाळली तेही कळून घ्या. तुमची तक्रार ज्याखाली होती तो १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा ‘कर्मचारी’ कुणाला म्हणतो ते औद्योगिक विवाद कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येवरून ठरत आलं. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये ए. सुंदरांबळ विरुद्ध गोवा सरकार या प्रकरणात सांगितलं की शिक्षक त्या व्याख्येत बसत नाही. शिकवणं हे अंगमेहनतीचं, कारकुनी, तांत्रिक किंवा देखरेखीचं काम नव्हे म्हणून. त्या सुंदरांबळ बाई शाळेतल्या शिक्षिकाच होत्या, नोकरीवरून काढल्या म्हणून लढत होत्या, आणि त्यांचंही प्रकरण ह्याच दारात अडकलं. तेव्हा तुमच्या न्यायाधीशांनी वेगळं काही केलं नाही, त्यांचे हात बांधलेले होते.

मग शिक्षकानं जायचं कुठं? महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आहे. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. सगळे त्याला एमईपीएस म्हणतात. त्याचं कलम ९ बघा. बडतर्फ केलं, काढून टाकलं, पदावनत केलं, किंवा बढती देताना डावललं, तर शाळा न्यायाधिकरणाकडं अपील. ‘डावललं’ हे त्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे तुमचं दुखणं कायद्यानं नाव घेऊन सांगितलंय, फक्त खिडकी दुसरी होती.

बार्शीनाका यांनी रिट म्हटलं. मनापासून म्हटलं असणार, पण आज थेट रिट टाकली तर पहिला प्रश्न हाच येणार: न्यायाधिकरण असताना इथं कामून आलात? पुन्हा ‘पर्यायी मार्ग उपलब्ध’ म्हणून परत पाठवलं तर आणखी काही महिने गेले आणि गावाला आणखी एक ‘हरली’ मिळाली. न्यायाधिकरणाचा निकाल विरुद्ध गेला तर त्यावर खंडपीठात जाता येतं. १९८१ मध्ये खंडपीठ औरंगाबादला बसायला लागलं, त्याआधी आपल्या भागातल्या माणसाला मुंबईच गाठावी लागायची. सोय झाली ती जपून वापरायची.

आता अवघड भाग, मुदत. तो लिहिण्याआधी मला तीन गोष्टी सांगा. एक, औद्योगिक न्यायालयाच्या निकालाचं शेवटचं पान काय म्हणतं, ‘योग्य न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची मुभा’ असं काही आहे का. दोन, कायम नेमणुकीचा आदेश तुम्हाला लेखी दिला का. तीन, ज्येष्ठता यादीवर तुमच्या सह्या आहेत का.

वाळूजकर

मी शिक्षिका नाही, वाळूजला कारखान्यात होते. आमच्या लाइनवर मुलींना पॅकिंगलाच ठेवायचे, मशीनवर प्रशिक्षण फक्त मुलांना, आणि वर्षाला ग्रेड वाढायची ती मशीनवाल्यांची. आम्ही तक्रार केली तेव्हा नव्वद दिवस उलटून गेले होते. कंपनीचे वकील पहिल्या तारखेपासून एकच बोलले, मुदतबाह्य, मुदतबाह्य. ग्रेडचा विषय निघूच दिला नाही. आमच्याकडं उशिराचं कारण होतं, दोन मुली बाळंतपणावर होत्या, युनियनवाले बोलणी चालू आहेत म्हणून थांबा म्हणत होते. पण लेखी कागद एकही नव्हता. कारण खरं असून कागद नाही म्हणून गेलं.

ताई, तुमच्याकडं सुनावणीचं पत्र आहे म्हणालात ना. ते जपा. झेरॉक्स तीन ठिकाणी ठेवा. आम्हाला तसं एक पत्र असतं तर.

आणि वाचणाऱ्या कारखान्यातल्या बायांसाठी: २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात. आमच्या वेळचे कलम नंबर घेऊन कुणी बसू नका, आजचा कायदा आणि आजची मुदत वकिलाला विचारून घ्या.

गोदाकाठची बाई

काका, उत्तर वाचून घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, ‘मग हरली कशाला म्हणायलेत मेले.’

निकालाचं शेवटचं पान पाहिलं. त्यात आहे: ‘तक्रारदारास कायद्यानुसार योग्य त्या मंचाकडे दाद मागण्याची मुभा राहील.’ वकिलांनी हे मला सांगितलंच नव्हतं.

कायम नेमणुकीचा आदेश मला कधीच दिला नाही. ऑक्टोबरात कळलं ते तोंडी. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला शाळेत एक सूचना फिरवली, त्यावर त्या सरांची ‘मुख्याध्यापक’ म्हणून सही आहे, आधी ‘प्रभारी मुख्याध्यापक’ असायची. त्या सूचनेवर मी वाचल्याची सही केली आहे, तारखेसह.

ज्येष्ठता यादी दर वर्षी फिरते, आम्ही सगळे सही करतो. त्या सरांचीही सही माझ्या खाली आहे, दर वर्षी. कधी कुणी हरकत घेतली नाही. पण यादीच्या प्रती माझ्याकडं नाहीत, शाळेत आहेत. मागितल्या तर देतील असं वाटत नाही.

आणि आणखी एक सांगते, लपवायचं काही नाही. २००४ मध्ये दुसऱ्या बाळंतपणानंतर मी रजा वाढवून घेतली होती, रीतसर अर्ज देऊन. संस्थेनं औद्योगिक न्यायालयात दिलेल्या उत्तरात ते ‘कामात सातत्य नाही’ म्हणून लिहिलं आहे. एवढ्या वर्षांनी माझं बाळंतपण माझ्याविरुद्ध लिहिलं. माझी मुलगी आता कॉलेजात आहे.

निवृत्त अधीक्षक

बाई, हे सगळं तुमच्या बाजूचं आहे. शेवटचं धरून. बाळंतपणाची मंजूर रजा ‘सातत्य नाही’ म्हणून लिहिणारा माणूस अध्यक्षांचे ते शब्द स्वतःच्या हातानं कागदावर आणतो आहे. साक्षीदार बोलले नाहीत तरी त्यांचं उत्तर बोलतं. त्या उत्तराची प्रमाणित नक्कल आधी काढा.

आता मुदत. कलम ९ मध्ये तीस दिवस आहेत. आदेश हातात पडल्यापासून मोजायचे. बढतीत डावलतात तेव्हा डावललेल्याला आदेश कुणी देत नाही, म्हणून तुम्हाला पक्कं केव्हा कळलं हे कागदानं दाखवावं लागतं. तोंडी कळलं ते ऑक्टोबर, कागदावर दिसलं ते नोव्हेंबरच्या सुरुवातीची सूचना. दोन्ही सांगा, काही लपवू नका, तारीख लपवली आणि ती पुढं निघाली तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. जूनचा पदभार हा तात्पुरता म्हणून दिलेला, त्याला बढती म्हणता येत नाही, हेही अपिलात लिहायचं, नाहीतर समोरचे जूनपासून दिवस मोजतील.

त्याच कलमाच्या पोटकलम ३ मध्ये आहे की तीस दिवस उलटल्यावरही पुरेसं कारण असेल तर न्यायाधिकरण अपील दाखल करून घेऊ शकतं. म्हणून अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज आणि त्यासोबत शपथपत्र. तुमचा उशीर तीन तुकड्यांत आहे, आणि बहुतेक अर्ज इथंच पडतात, कारण लोक एक मोठा आकडा टाकून ‘वकिलानं चुकीचा सल्ला दिला’ एवढंच लिहितात.

पहिला तुकडा नोव्हेंबर ते डिसेंबर २०२३, तक्रार दाखल होईपर्यंतचा. हा सगळ्यात लहान आणि सगळ्यात नाजूक. कारण तीस दिवस संपत होते तेव्हा तुम्ही अजून कुठल्याच न्यायालयात नव्हता. इथं शिक्षणाधिकारी कार्यालयाचं सुनावणीचं पत्र आणि ती पुढं ढकलल्याचं पत्र लावायचं. पण नुसता अर्ज दिला म्हणून मुदत थांबत नाही, हे ध्यानात घ्या. सी. जेकब प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं, की निवेदनं देत राहिल्यानं जुना हक्क ताजा होत नाही. म्हणून ‘अर्ज दिला होता’ असं लिहू नका. ‘कार्यालयानं सुनावणी ठेवली होती, तिची वाट पाहिली, ही पत्रं, ह्या तारखा’ असं लिहा. आणि नव्वद दिवसांची मुदत आहे असा सल्ला मिळाला होता हेही त्याच तुकड्यात येतं. वकिलांनी तसं कुठं लिहून दिलं असेल, मेसेज असेल, तर लावा.

दुसरा तुकडा सगळ्यात मोठा, औद्योगिक न्यायालयात गेलेला काळ. इथं मुदत अधिनियम, १९६३ चं कलम १४ कामाला येतं. अधिकार नसलेल्या न्यायालयात माणूस प्रामाणिकपणे आणि तत्परतेनं लढत असेल तर तो काळ मुदतीतून वगळायचा, असं ते तत्त्व. कलमाच्या शब्दांत दावे आणि अर्ज येतात, अपील नाही. पण एम. पी. स्टील कॉर्पोरेशन प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधिकरणापुढच्या अपिलालाही ते तत्त्व लावलं. तत्परता दाखवायला रोजनामा काढा. प्रत्येक तारखेला तुम्ही किंवा वकील हजर होते, तारीख कुणी मागितली, हे त्यात असतं. तुमच्या बाजूनं वारंवार तारखा मागितलेल्या नसतील तर हा तुकडा मजबूत आहे.

तिसरा तुकडा आत्ता चालू आहे. निकाल लागला तेव्हापासून आजपर्यंत. हा रोज वाढतो आणि ह्याला सांगायला कारण नसतं. नकलेला लागलेला वेळ सोडता इथं आठवडेही घालवू नका. सल्ले घेत फिरताना लोकांचे महिने जातात. मी पाहिलंय.

विलंबाबाबत जुना पण अजून चालणारा निकाल आहे, १९८७ चा, कलेक्टर, भूसंपादन, अनंतनाग विरुद्ध कातिजी. त्यात म्हटलंय की उशीर करून पक्षकाराला बहुधा फायदा होत नसतो, उलट धोकाच असतो, आणि तांत्रिकता आणि न्याय समोरासमोर आले तर न्यायाकडं झुकायचं. वकिलांना तो ठाऊक असणार, पण अर्जात त्याचा उल्लेख आला पाहिजे हे तुम्ही बघा.

अपिलात पक्षकार कोण करायचे: संस्था, शाळा, शिक्षणाधिकारी, आणि ते सर. सरांना सोडू नका. रोज एका स्टाफरूममध्ये बसता म्हणून तुम्हाला अवघड वाटेल, पण ज्याचं पद जायचा संभव आहे त्याला ऐकल्याशिवाय आदेश टिकत नाही. आवश्यक पक्षकार केला नाही म्हणून अपील अडकलं तर पुन्हा तोच प्रकार, मूळ विषय बाजूलाच.

यादीचं म्हणाल तर एमईपीएसच्या १९८१ च्या नियमावलीतला नियम १२ बघा, ज्येष्ठता यादी ठेवायची आणि कर्मचाऱ्यांत फिरवायची हे त्यात आहे. शाळा देणार नसेल तर शाळेकडं आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडं, दोन्हीकडं माहिती अधिकाराचा अर्ज टाका. अनुदानित शाळेला तो लागू होतो. तीस दिवस लागतील, तोवर अपील थांबवू नका, ‘कागद मागवले आहेत’ म्हणून लिहा आणि अर्जाची पोच लावा.

आणि नियम ३. मुख्याध्यापकपद अर्हता आणि समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला द्यायचं. ज्येष्ठाला नको असेल तर त्यानं स्वखुशीनं तसं लेखी द्यायचं. तोंडी नकाराला तिथं जागा नाही. त्यांनी ठरावात ‘तोंडी’ लिहिलं तिथंच त्यांची बाजू लंगडी झाली. समाधानकारक सेवेवर बोलतील तेव्हा तुमचे गोपनीय अहवाल मागवायला सांगा. इतक्या वर्षांत एखादं ज्ञापन, म्हणजे मेमो, तरी मिळालंय का तुम्हाला?

विधी शाखेची विद्यार्थिनी

बाई, मी छत्रपती संभाजीनगरला कायदा शिकते, मूळची हिंगोली जिल्ह्यातली. काकांनी सांगितलेलं सगळं वहीत उतरवून घेतलं. माझ्याकडून एक गोष्ट सांगावीशी वाटली कारण तुमचं ‘कुणी ऐकलंच नाही’ हे वाक्य वाचून मला तीच आठवली.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गॅड्सडेनला गुडइयरचा टायर कारखाना होता. तिथं लिली लेडबेटर १९७९ पासून १९९८ पर्यंत पर्यवेक्षक होत्या. नोकरीच्या शेवटी त्यांना कुणीतरी नाव न लिहिता एक चिठ्ठी दिली, त्यात त्याच हुद्द्यावरच्या पुरुषांचे पगार होते. त्यांच्यापेक्षा सगळ्यांचे जास्त. त्यांनी दावा केला, ज्युरीनं त्यांच्या बाजूनं कौलही दिला. पण २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की पगार कमी ठरवल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. आता, जो पगार गुप्त ठेवला जातो तो कमी आहे हे १८० दिवसांत बाईला कळणार कसं? न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी भिन्न मत लिहिलं आणि न्यायालयात वाचून दाखवलं, की संसदेनं हे दुरुस्त करावं. २००९ च्या जानेवारीत तिथं कायदा झाला, लेडबेटर यांच्याच नावानं. आता कमी पगाराच्या प्रत्येक चेकपासून मुदत नव्यानं मोजतात. लेडबेटरना स्वतःला त्यातून पैसा मिळाला नाही. पण त्यांच्यावर अन्याय झाला नव्हता असं आज तिथं कुणी म्हणत नाही.

बाई, त्यांच्यापेक्षा तुमची जागा बरी आहे. तुमच्या कायद्यात उशीर माफ करायची तरतूद कलमातच आहे.

आणि पैशांचं: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १५१०० हा फोन नंबरही आहे. पगारदार आहे म्हणून आपल्याला मिळणार नाही असं समजू नका. सोयाबीनचे पैसे घरात राहू द्या.

बार्शीनाका

काका, तुमचं पटलं. आमच्या भावकीतलं प्रकरण मान्यता अडवल्याचं होतं, बढतीचं नव्हतं, म्हणून रिट चाललं असेल. ताई, मी सांगितलेलं सोडा, काकांचं ऐका.

गोदाकाठची बाई

ज्ञापन एकही नाही. उलट दहावीच्या गणिताच्या निकालाबद्दल संस्थेनंच दोनदा अभिनंदनाचं पत्र दिलंय, ती पत्रं फाइलला आहेत.

मुली, त्या लेडबेटर बाईंचं वाचून खूप वेळ बसून राहिले. चिठ्ठी देणारं माणूस कोण असेल? आमच्याकडं ते दोन सर आहेत, त्यांच्यापैकी एखादा तेवढं करील का माहीत नाही.

एक शंका राहिली. मी काही वर्षांत निवृत्त होईन. ह्याला वेळ लागला आणि तोवर मी निवृत्त झाले तर सगळं वाया का? कारण घरच्यांचा शेवटचा मुद्दा तोच आहे.

निवृत्त अधीक्षक

वाया नाही. एमईपीएसच्या कलम ११ खाली न्यायाधिकरणाला पद परत देण्याचे, वेतनाची थकबाकी देण्याचे आणि परिस्थिती बघून इतर दिलासा देण्याचेही अधिकार आहेत. तुम्ही निवृत्त झालात तर डावललेल्या तारखेपासून बढती कागदोपत्री मानून वेतन नव्यानं ठरवा, फरक द्या, अशी मागणी करता येते. म्हणून अपिलातल्या प्रार्थनेच्या, म्हणजे मागण्यांच्या, परिच्छेदात ती मागणी पर्यायी म्हणून आजच लिहायची. नंतर दुरुस्तीचा अर्ज देत बसायची पाळी नको. तुमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, पूर्ण अनुदानित शाळेतली, म्हणजे जुनी निवृत्तिवेतन योजना. निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनावर ठरतं. मुख्याध्यापकाचं वेतन आणि शिक्षकाचं वेतन यातला फरक तुम्हाला जन्मभर दर महिन्याला लागणार आहे. घरच्यांना तो हिशोब घालून दाखवा, सोयाबीनच्या भावापेक्षा तो पक्का आहे.

त्या दोन शिक्षकांच्या मागं लागू नका. डावलण्याचं अपील यादी, नियम आणि ठराव ह्या तीन कागदांवर उभं राहतं. अध्यक्ष काय बोलले हे अपिलात लिहायचं, जागा आणि सुमारे दिवस सांगून, कारण ते खरं आहे आणि ते लिहिलं गेलं पाहिजे. पण त्या बोलण्याच्या साक्षीवर सगळा भार टाकायचा नाही. ते सिद्ध झालं नाही तरी ज्येष्ठाला डावललं हे उरतंच.

नकलेचा अर्ज आधी. निकाल, संस्थेचं उत्तर आणि पूर्ण रोजनामा, तिन्हीची प्रमाणित प्रत मागा. अर्ज दिल्याची आणि प्रत मिळाल्याची तारीख प्रतीवरच असते, ती तिसऱ्या तुकड्याला लागेल.

गोदाकाठची बाई

सोमवारी अर्धी रजा टाकून नकलेचा अर्ज देते. माहिती अधिकाराचे दोन अर्ज मुलीनं आत्ताच टाइप करून दिले, एक शाळेला आणि एक शिक्षणाधिकाऱ्यांना, दोन्ही रजिस्टर पोस्टानं पाठवते. त्याच दिवशी विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाते, सुनावणीची दोन्ही पत्रं आणि नोव्हेंबरच्या सूचनेचा मोबाइलमधला फोटो छापून सोबत नेते. अपिलात त्या सरांना पक्षकार करणार आहे, आणि नोटीस जायच्या आधी त्यांना तोंडानं मीच सांगणार आहे.